कागदाएवढी फट आणि फुगलेले तारे

दुर्बिणीला कॅमेरा जोडून काढलेल्या छायाचित्रात पुष्कळदा मधले तारे टाचणीच्या टोकासारखे रेखीव आणि एका कडेचे मात्र फुगलेले दिसतात. दोष बहुधा आरशाच्या माथी मारला जातो, आणि कोणीतरी उत्साहाने चांगला बसलेला आरसाच सोडवायला घेतो. त्याआधी कॅमेरा सरळ बसला आहे का, ते पाहावे.

येथे कॅमेऱ्याचे भिंग काढलेले असते. दुर्बीणच त्याचे भिंग होते. ताऱ्याचे किरण शंकूच्या आकारात एकवटतात. त्या शंकूच्या टोकापासून सेन्सर थोडा मागेपुढे झाला, की बिंदूऐवजी चकती उमटते. सेन्सर जितका सरकला, त्याला एफ-संख्येने (नाभीय अंतर भागिले आरशाचा व्यास) भागले की चकतीचा व्यास मिळतो.

समजा सेन्सर २४ मिमी रुंद आहे. तो अंशाच्या केवळ दहाव्या भागाने कलला, तर एक कड सुमारे २१ मायक्रॉन पुढे आणि दुसरी तेवढीच मागे जाते. एफ/१० दुर्बिणीत यामुळे २ मायक्रॉनची चकती पडते. ४ मायक्रॉनच्या पिक्सेलमध्ये ती लपून जाते. एफ/४ मध्ये तीच ५ मायक्रॉनहून मोठी होते. आखूड, रुंद दुर्बिणीने छायाचित्र लवकर निघते खरे, पण कलाच्या बाबतीत ती भारी हट्टी! आणि हा कल म्हणजे किती? फोकसरच्या २ इंची नळीच्या तोंडाशी एका बाजूला ०.०९ मिमी फट, म्हणजे साधारण वहीच्या पानाची जाडी.

एकच स्क्रू घट्ट पिळला, तरी एवढी फट पडते. आट्यांचा जोड त्याहून बरा. शिवाय जड कॅमेऱ्याने नळी झुकते, आणि दुर्बीण पूर्वेकडून पश्चिमेकडे वळली की झुकण्याची दिशाही बदलते.

फोकस किंचित बदलून पाहा. एक कड सुधारली आणि समोरची बिघडली, तर तो कल समजावा. चारही कोपरे सारखेच बिघडलेले असतील, तर कारण दुसरे. अन्वस्तीय आरशात कोपऱ्यांतले तारे शेपटी फुटल्यासारखे दिसतातच. मग कॅमेरा नळीत १८० अंशांनी फिरवून पुन्हा छायाचित्र घ्यावे. फुगलेले तारे चित्राच्या त्याच कडेला राहिले, तर दोष कॅमेऱ्यात; समोरच्या कडेला गेले, तर फोकसरच्या बाजूला. स्क्रू सोडून पुन्हा आवळताना बैठक बदलते, म्हणून हा प्रयोग दोनतीनदा करावा.

चिलीमधील रुबिन वेधशाळेची पहिली छायाचित्रे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. तेथील दुर्बीण एफ/१.२, सेन्सरचे प्रतल सुमारे ६४ सेंमी रुंद आणि पिक्सेल १० मायक्रॉनचे. वरच्याच हिशेबाने तेथे कल ८ विकलांच्या आत हवा. त्यासाठी तो कॅमेरा लांबी बदलणाऱ्या सहा पायांवर पेलला आहे. शाळेच्या दुर्बिणीला मात्र कड्याखाली अ‍ॅल्युमिनियमच्या चिकटपट्टीचा तुकडा पुरतो. तो कोणत्या बाजूला लावायचा, हे एकदोन चाचणी-छायाचित्रांवरून ठरवावे.