कुंपणाबाहेरच्यांनी ठेवलेलं नाव

अंगठा आणि तर्जनी. गिटारवर एवढी दोनच बोटं चालतात. अंगठा खालचा सूर सांभाळतो, तर्जनी वर एक लहानसं वळण घेऊन परत येते. मग तेच वळण पुन्हा, यावेळी जरा वेगळं. अर्ध्या मिनिटात ध्यानात येतं, की या वादकाला कुठेही पोचायची घाई नाही. गिटार वाजवण्याची ही रीत लायबेरियाच्या क्रू खलाशांची. बोटींवर काम करता करता त्यांनी ती पश्चिम आफ्रिकेच्या बंदराबंदरांत नेली. संध्याकाळी ताडीच्या गुत्त्यांवर ती ऐकू यायची, म्हणून या संगीताला 'पामवाइन' म्हणू लागले. पश्चिम आफ्रिकेच्या हायलाइफ संगीताची एक मुळी इथे आहे.

दुसरी मुळी लष्करी बँडची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांनी अशांती राज्याशी लढायला वेस्ट इंडीजमधल्या पलटणी गोल्ड कोस्टला, म्हणजे आजच्या घानात आणल्या. कवायत संपली की हे काळे शिपाई आपल्या बेटांवरच्या चाली वाजवायचे. किनाऱ्यावरच्या फांटी लोकांनी ते ऐकलं, आणि त्याच पितळी वाद्यांवर आपल्या चाली चढवल्या.

'हायलाइफ' हे नाव मात्र वादकांनी ठेवलेलं नाही. गोल्ड कोस्टमधल्या आक्रामध्ये 1914 साली एक्सेलसिअर ऑर्केस्ट्रा सुरू झाला, त्यामागून आणखी निघाले. उच्चभ्रूंच्या क्लबांत ते वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट वाजवत आणि मधूनच रस्त्यावरची एखादी ओळखीची चाल घेत. आत जायचं तर साडेसात शिलिंगांच्या आसपास तिकीट, अंगात सूट, डोक्यावर उंच हॅट. ज्यांना हे परवडत नव्हतं ते बाहेर गर्दी करून आपल्याच गल्लीतली गाणी आतून येताना ऐकत. आतल्या त्या थाटाला त्यांनी म्हटलं, 'हाय लाइफ'. ट्रम्पेटवादक ई. टी. मेन्साचे थोरले भाऊ येबुआ मेन्सा यांनी सांगितलेली ही हकिकत. मला ती फार मोलाची वाटते, कारण पुढची सगळी वर्षं हे संगीत त्या बाहेरच्या गर्दीकडेच सरकत राहिलं.

क्वामे आसारेचंच बघा. वडील अकॉर्डियन वाजवणारे, पण गिटार म्हणजे उनाडांचं काम, असं त्यांचं मत. पोराने एका क्रू खलाशाकडून ती शिकून घेतलीच. 1928 मध्ये आसारे आणि त्याचे दोन साथीदार 'कुमासी ट्रायो' या नावाने लंडनला गेले आणि झोनोफोन कंपनीसाठी त्यांनी काही गाणी ध्वनिमुद्रित केली. त्यांतलं 'या आम्पोन्सा' हे एका स्त्रीच्या नावाचं गाणं. त्याची चाल म्हणजे पुढच्या हायलाइफचा साचाच ठरला. किती गाणी त्यावर बेतली गेली, याची मोजदाद नाही. 1990 मध्ये अमेरिकन गायक पॉल सायमनने ही चाल आपल्या एका गाण्यात घेतली, तेव्हा मानधन कुणाला द्यायचं हा प्रश्न उभा राहिला. चाल आसारेची, की त्याच्याही आधीची, सगळ्यांची? शेवटी ती लोकपरंपरेची मानून पैसे घाना देशाकडे गेले.

दुसऱ्या महायुद्धाने या गोष्टीला वेगळीच कलाटणी दिली, आणि तिथे आपला देशही येतो. पश्चिम आफ्रिकेच्या 81 आणि 82 क्रमांकाच्या डिव्हिजन भारतामार्गे ब्रह्मदेशात जाऊन जपान्यांशी लढल्या. परतलेल्या शिपायांना निवृत्तिवेतन, नोकऱ्या कबूल केल्या होत्या. त्या मिळाल्या नाहीत. 28 फेब्रुवारी 1948 रोजी आक्रात त्यांच्या निःशस्त्र मोर्चावर गोळीबार झाला, तिघे ठार झाले. स्वातंत्र्याची चळवळ तिथून पेटली. याच काळात ई. टी. मेन्साचा 'टेम्पोज' बँड पुढे आला. मेन्सा पेशाने औषधनिर्माता. त्याने भला मोठा ऑर्केस्ट्रा बाजूला सारून आठ-दहा जणांचा आटोपशीर ताफा ठेवला, स्विंग आणि क्युबन ताल हायलाइफमध्ये मुरवले, आणि अकान, गा, इंग्रजी अशा अनेक भाषांत गाणी केली. 1956 मध्ये अमेरिकन ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग आक्रात आला तेव्हा दोघे एकत्र वाजवायला बसले. पुढच्याच वर्षी, 6 मार्चला घाना स्वतंत्र झाला. त्या पहाटेचा उत्साह मेन्साच्या तुताऱ्यांत आजही ऐकू येतो.

पण मला सगळ्यात जवळचं गाणं त्यानंतरचं, 1967 चं. देशात लष्कराचं राज्य होतं. नाना आम्पाडूच्या 'आफ्रिकन ब्रदर्स' बँडने 'एबी ते यिए' काढलं. वरवर ती प्राणिकथा. रानातल्या जनावरांची सभा भरते. बिबट्या नेमका एका इवल्याशा हरणाच्या मागे बसतो आणि पंजाने त्याची शेपटी जमिनीवर दाबून धरतो. हरणाने काही बोलायला तोंड उघडलं, की बिबट्या दटावतो आणि पंजा आणखी घट्ट करतो. अखेर हरीण जिवाच्या आकांताने ओरडतं: सभा तहकूब करा, कारण इथे कुणी ऐसपैस बसलंय आणि कुणाला बसताच येत नाहीये. गाण्याच्या नावाचा अर्थ तोच, 'काही जण नीट बसलेत'. श्रोत्यांना बिबट्या कोण ते लगेच कळलं. रेडिओवरून गाणं दिसेनासं झालं. आपण वडिलांकडून ऐकलेली गोष्टच तेवढी सांगितली, असं आम्पाडू म्हणत राहिला. आणि हे सगळं त्या गोड, संथ गिटारवर! त्या गोडव्यामुळेच तक्रार घराघरात गेली, अशी माझी खात्री आहे.

तालाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. आपला कान समेची वाट पाहतो. इथे लोखंडी घंटेचे ठोके बरेचदा पहिली मात्रा रिकामी ठेवून पडतात. त्या मोकळ्या जागेत ऐकणाऱ्याचं पाऊल पडतं. टाळी धरून बसलं की ठेका निसटतो; उठून चालायला लागलं की आपोआप सापडतो.

1981 च्या अखेरीस घानात पुन्हा लष्करी उठाव झाला, आणि 1982 ते 1984 रात्रीची संचारबंदी. रात्रीच जगणाऱ्या संगीताचा त्यात श्वास कोंडला. वादक चर्चमध्ये गेले, नायजेरियात गेले, जर्मनीत गेले. तिथे जॉर्ज डार्कोने 1983 मध्ये सिंथेसायझर घेऊन 'बर्गर हायलाइफ' उभं केलं. मला ते तितकंसं भिडत नाही, पण परदेशात राबणाऱ्या पिढीचं ते स्वतःचं गाणं होतं.

नायजेरियात मात्र गिटार शाबूत राहिली. यादवी युद्धाने होरपळलेल्या पूर्व भागातूनच 1976 मध्ये प्रिन्स निको म्बार्गाचं 'स्वीट मदर' आलं. आईवरचं ते गाणं आफ्रिकाभर लाखोंनी खपलं. आणि 1984 मध्ये ओसिता ओसाडेबेचं 'ओसोंदी ओवेंदी'. नावाचा अर्थ साधारण असा, की एकाला जे आवडतं तेच दुसऱ्याला खुपतं. आधी गिटारी एकमेकींत विणत जातात, तुताऱ्या एक लाट आणून मागे सरतात. मग ओसाडेबे येतो, ओटीवर येऊन बसलेल्या शेजाऱ्यासारखा, गाणं आणि बोलणं यांच्या मधल्या कुठल्याशा आवाजात.