खांबाआडचा भाऊ

लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत तीन लेखिका बहिणींचं एक तैलचित्र आहे. डावीकडे अ‍ॅन आणि एमिली, उजवीकडे शार्लट, आणि मधोमध एक फिकट खांब. त्या खांबाकडे जरा टक लावून पाहा. आधी डोक्याचा आकार दिसतो, मग खांद्यांचा. तो ब्रॅनवेल, ब्राँटे भावंडांतला एकुलता एक भाऊ. १८३४च्या सुमारास हे चित्र त्यानंच काढलं. बहिणींच्या मध्ये तो स्वतःही उभा होता, पण पुढे त्याच्या आकृतीवर खांब चढला. शार्लटची चरित्रकार एलिझाबेथ गॅस्केल हिनं हे चित्र पाहिलं होतं. १८५७च्या तिच्या चरित्रात खांब आहे, भाऊ नाही.

मग तो आज दिसतो कसा? भज्यांचं तेल वर्तमानपत्राला लागलं की मागच्या पानाची अक्षरं दिसू लागतात, अगदी तसा! कागदाच्या धाग्यांमधल्या हवेमुळे प्रकाश विखुरतो. तिथं तेल शिरलं की तो आरपार जातो. तैलरंगातही जवसाचं तेल असतं. ते जुनं होत जातं तसा तेलात आणि रंगाच्या कणांत प्रकाशाला जाणवणारा फरक कमी होतो आणि वरचा थर विरळ भासू लागतो. पुसलेला माणूस वर येतो तो असा, वर्षानुवर्षांच्या संथ रसायनातून. मला हे कुठल्याही भूतकथेपेक्षा विलक्षण वाटतं.

या घरात लेखन सुरू झालं तेही ब्रॅनवेलच्या खेळण्यांवरून. १८२६च्या जूनमध्ये वडिलांनी त्याच्यासाठी लाकडी शिपाई आणले. चौघांनी एकेक शिपाई उचलला, त्यांना नावं दिली, राज्यं दिली. शार्लट आणि ब्रॅनवेल मग काड्यापेटीएवढ्या वह्या शिवून त्यांत छापील वाटावं अशा मुंगीएवढ्या अक्षरांत त्या राज्यांच्या बातम्या लिहू लागले. शिपायांच्या हाती मावतील एवढ्याच त्या वह्या! मोठेपणी आपलं लेखन सगळ्यांत आधी छापून आणलं तेही ब्रॅनवेलनं: १८४१ साली, एका स्थानिक वर्तमानपत्रात कविता.

त्यानंतर मात्र तो घसरत गेला. अ‍ॅन ज्या घरी मुलांना शिकवत होती तिथंच त्याला शिक्षकाची नोकरी लागली होती. १८४५ला ती नोकरी गेली, आणि दारू आणि अफूचा अर्क यांत तो बुडाला. इकडे टोपणनावांआडून बहिणींची कीर्ती वाढत होती. १८४७च्या ऑक्टोबरात शार्लटची ‘जेन एअर’ ही कादंबरी आली, डिसेंबरात एमिलीची ‘वदरिंग हाइट्स’. जून १८४८मध्ये अ‍ॅनची ‘द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल’ निघाली. तिच्यात दारूपायी विझत जाणारा एक नवरा आहे. नशेतला आरडाओरडा, शपथा, पुन्हा तीच बाटली. वाचताना आपण त्याच घरात अडकतो. घरात रोज दिसत होतं ते अ‍ॅननं डोळे न मिटता लिहिलं. माझ्या मते तिन्ही बहिणींतलं हे सर्वांत धाडसी पुस्तक. शार्लटला मात्र हा विषय निवडणंच चूक वाटलं. अ‍ॅन गेल्यावर तिनं त्याची नवी आवृत्ती निघू दिली नाही.

कादंबरी आल्यानंतर तीनच महिन्यांत ब्रॅनवेल गेला, एकतिसाव्या वर्षी. त्यानंतर शार्लटनं एका पत्रात लिहिलं, की बहिणींचं एक अक्षरही छापलं गेल्याचं त्याला अखेरपर्यंत कळलं नव्हतं.