मुलगी कॉलेजात पोचली, पुढे तिचं कोण?



बारावीचा निकाल लागला की आपल्या कुरुंदवाडात गल्लोगल्ली पेढे वाटले जातात. मुलीचा नंबर कोल्हापूरला लागला, पुण्याला लागला, की सगळी गल्ली एस.टी. स्टँडवर निरोप द्यायला जाते. तिथपर्यंतच्या गोष्टी आपण नेहमी बोलतो. आज आम्ही त्यानंतरच्या चार महिन्यांबद्दल बोलणार आहोत. गाडी सुटल्यावर, त्या मोठ्या कॉलेजात, आपल्या मुलीकडे बघणारं माणूस कोण असतं?

हा विषय आम्ही घेतला त्याला कारण आहे. आमच्या ओळखीची एक मुलगी जवळच्याच गावची. आई भांगलायला जाते, वडील सेंट्रिंगच्या कामावर. घरात पहिलीच मुलगी इंजिनिअरिंगला गेली, तीही पुण्याला. दिवाळीला घरी आली आणि परत गेलीच नाही. गावात सगळे म्हणाले, "झेपलं नाही तिला." तिची आईसुद्धा आम्हाला म्हणाली, "ताई, पोरीला जमलं न्हाई बघा."

आम्ही मुलीशी निवांत बोललो तेव्हा खरं काय ते कळलं. शिष्यवृत्तीचा अर्ज एका कागदावरून अडकला होता. मेसचे दोन महिन्यांचे पैसे थकले होते. वर्गात सगळं इंग्रजीत, आणि प्रश्न विचारला तर बाकीचे हसतात अशी भीती. खोलीतल्या मुलींनी पहिल्या आठवड्यात आडनाव विचारलं, मग प्रवेश कुठल्या कोट्यातून ते विचारलं, आणि त्यानंतर डबा उघडताना कुणी तिला बोलावलं नाही. यातली एकेक गोष्ट सुटण्यासारखी होती. पण सांगायचं कुणाला, हेच तिला माहीत नव्हतं. त्या कॉलेजात समान संधी केंद्राची पाटी होती. दुसऱ्या मजल्यावर, कुलपाच्या दारावर.

तर आजचं आमचं म्हणणं एवढंच आहे. आरक्षण आणि शिष्यवृत्ती मुलीला कॉलेजच्या दारातून आत नेतात. आत टिकवून पदवीपर्यंत नेतं ते एक जबाबदार माणूस. ते माणूस कॉलेजात आहे का, आणि त्याचं काम नेमकं काय, हे आपण आयांनी जाणून घ्यायला हवं.

ही कल्पना परदेशातून आलेली नाही, आपल्या कोल्हापूरची आहे. शाहू महाराजांनी 1902 साली संस्थानातल्या पन्नास टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या, हे आपण शाळेत शिकलो. पण महाराजांना त्याआधीच एक गोष्ट कळली होती. खेड्यातला मुलगा शाळेत नाव घालील, पण राहील कुठे आणि जेवील कुठे? म्हणून 1901 पासून कोल्हापुरात एकामागून एक बोर्डिंगं निघाली. मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत अशी. 1908 साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. आज दसरा चौकाच्या आसपास फिरलात तर यातल्या काही जुन्या इमारती दिसतील.

त्या काळी जैन बोर्डिंगात आपल्याच भागातला एक मुलगा शिकत होता. जन्म कुंभोजचा, हातकणंगले तालुक्यातला. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला तो गेला आणि परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हायला त्यानं नकार दिला, म्हणून त्याला बोर्डिंग सोडावं लागलं, असं सांगतात. तोच मुलगा पुढे कर्मवीर भाऊराव पाटील झाला. 1919 साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारं बोर्डिंग चालवलं. 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव मिळालं.

आता बायकांच्या अंगानं बघा. त्या बोर्डिंगाचा गाडा घरातून कोण ओढत होतं? भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन अशा सगळ्या मुलांना एका पंगतीला जेवू घालायचं, आजारी पोराजवळ बसायचं. बोर्डिंगात धान्य संपलं तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिलं. आज विद्यापीठं ज्याला विद्यार्थी साहाय्य सेवा म्हणतात, ती लक्ष्मीबाईंनी चुलीपाशी बसून चालवली. त्यांना हुद्दा नव्हता, पगार नव्हता. पण मुलाला काय दुखतंय हे ओळखणारी नजर होती.

बाबासाहेब आंबेडकरांनीही हेच हेरलं होतं. त्यांनी 1946 साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं, तिथे नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. 1950 साली औरंगाबादेत मिलिंद कॉलेज सुरू झालं, आणि खेड्यातून आलेल्या मुलांसाठी वसतिगृहाची सोय झाली. त्या मिलिंद कॉलेजात अमरावती जिल्ह्यातल्या एका खेड्यातले सुखदेव थोरात शिकले. हेच थोरात सर 2006 साली विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे यूजीसीचे, अध्यक्ष झाले. दिल्लीच्या एम्स या मोठ्या वैद्यकीय संस्थेत दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना कशी वागणूक मिळते हे तपासायला सरकारनं समिती नेमली, तिचेही ते अध्यक्ष होते. 2007 सालच्या त्यांच्या अहवालात वसतिगृहात एकटं पाडणं आणि शिक्षकांनी दूर ठेवणं या गोष्टी नोंदवल्या गेल्या. देशातले हुशार विद्यार्थी जिथे जातात, तिथली ही अवस्था.

आता थोडं सातासमुद्रापलीकडे जाऊ. अमेरिकेत आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांचे वंशज आहेत. त्यांचं आणि आपलं नातं जुनं. जोतीराव फुल्यांनी 1873 साली आपलं 'गुलामगिरी' हे पुस्तक, तिथल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना अर्पण केलं. 1946 साली बाबासाहेबांनी तिथले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं आणि त्यांचं उत्तरही आलं. 1972 साली मुंबईत दलित पँथर निघाली, तिचं नाव तिथल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेलं.

तिथल्या विद्यापीठांत 1960 नंतर कृष्णवर्णीय मुलं मोठ्या संख्येनं येऊ लागली आणि त्यांनाही हाच अनुभव आला. दार उघडलं, पण आत आपलं कोणी नाही. सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात 1968च्या नोव्हेंबरपासून मुलांनी चार महिन्यांहून जास्त संप केला. आमचा इतिहास शिकवा, आमची मुलं आणि आमचे शिक्षक वाढवा, अशा मागण्या होत्या. अशा चळवळींतून पुढे अनेक विद्यापीठांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी वेगळी कार्यालयं आली. त्यांना पूर्ण वेळ संचालक असतो. पण हे कायमचं नसतं हेही तिथेच दिसतं. टेक्सास राज्यात 2024च्या 1 जानेवारीपासून सरकारी विद्यापीठांना अशी कार्यालयं ठेवायला कायद्यानंच बंदी आली. मिळालेली सोय लोकांनी वापरली नाही, राखली नाही, तर ती जाऊ शकते.

आता परत घराकडे येऊ. आपल्याकडे नियम काय आहे? यूजीसीनं 2012 साली नियम केला की प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत समान संधी कक्ष हवा आणि भेदभावाच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी हवा. महाराष्ट्रात समाजकल्याण विभागानंही कॉलेजांना समान संधी केंद्रं काढायला लावली. म्हणजे कागदावर माणूस आहे. पण पुष्कळ ठिकाणी हे काम एखाद्या प्राध्यापकाच्या गळ्यात जादा काम म्हणून पडतं. तास घ्या, पेपर तपासा, आणि वेळ उरला तर केंद्र बघा. मग पाटी राहते आणि कुलूप लागतं.

याची किंमत किती असते? 2019च्या मे महिन्यात मुंबईत डॉ. पायल तडवी या आदिवासी समाजातल्या तरुण डॉक्टर मुलीनं आत्महत्या केली. वरिष्ठ डॉक्टर मुलींनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. घरच्यांचं म्हणणं, आम्ही आधीच तक्रार केली होती. पायलची आई आबेदा तडवी आणि हैदराबादच्या रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला, या दोघी त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यांची मागणी साधी होती. हे कक्ष नावापुरते नकोत, खरोखर चालवा. आपली लेकरं गमावलेल्या दोन आया दुसऱ्यांच्या लेकरांसाठी भांडत होत्या.

मग चांगलं केंद्र चालवणारी व्यक्ती काय करते? आमच्या त्या मुलीनं पुढच्या वर्षी घराजवळच्या एका कॉलेजात प्रवेश घेतला. तिथे हे काम बघणाऱ्या एक मॅडम आहेत. त्यांचं काम आम्ही जवळून बघितलं, तेच सांगतो.

पहिल्या आठवड्यात त्यांनी नव्या मुलामुलींना बोलावून प्रत्येकाचे कागद बघितले. जातीचा दाखला, जात पडताळणी, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आधारला जोडलेलं बँक खातं. यातलं एक जरी राहिलं तरी महाडीबीटीवरचा अर्ज अडकतो. 2019च्या महापुरात आपल्याकडे किती घरांतले दाखले भिजून गेले, ते आठवा. अशांना दुय्यम प्रत कुठे मिळते हे त्या सांगतात.

दुसरं, त्या पैशांचं गणित समजावतात. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत आता केंद्र सरकारचा साठ टक्के वाटा थेट मुलीच्या खात्यात येतो. त्यातली फी लगेच कॉलेजात भरायची असते. घरात अडचण असली की आपण त्याला हात लावतो आणि मग पोरीला नोटीस येते. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांना स्वाधार योजना आहे. आदिवासी मुलांना स्वयं, तर ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांना सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. कुणाला काय लागू ते त्या बघून देतात.

तिसरं काम नजरेचं. पहिल्या चाचणीत कोण नापास झालं, कोण महिनाभर वर्गात नाही, दिवाळीला गेलेली कोण परत आली नाही, याची त्या यादी करतात आणि फोन लावतात. इंग्रजीसाठी संध्याकाळी जादा तास ठेवतात. वरच्या वर्गातली एक मुलगी प्रत्येक नव्या मुलीला जोडून देतात.

चौथं सगळ्यात अवघड. कुणी जातीवरून बोललं तर त्या "जाऊ दे, लक्ष देऊ नको" असं म्हणत नाहीत. तक्रार लिहून घेतात, तारीख घालतात, प्राचार्यांपुढे ठेवतात, आणि मुलीचं नाव गावभर होणार नाही याची काळजी घेतात. प्राचार्यही त्यांचं ऐकतात, कारण त्यांना वेळ आणि अधिकार दोन्ही दिलेले आहेत. असं काम एकट्याच्या चांगुलपणावर फार दिवस चालत नाही. संस्थेनं पाठीशी उभं राहावं लागतं.

आमची मुलगी आता शेवटच्या वर्षाला आहे. ती पहिल्या वेळीही हुशारच होती.

तेव्हा मैत्रिणींनो, यंदा प्रवेशाला जाताना फी आणि होस्टेल विचाराल, त्याबरोबर आणखी तीन गोष्टी विचारा. समान संधी केंद्र कोण बघतं, त्यांचं नाव काय? ते कुठल्या खोलीत, किती वाजता भेटतात? तक्रार दिली तर तिची लेखी पोच मिळते का? उत्तर मिळालं की निघण्याआधी त्या व्यक्तीला भेटून या. मुलीला सोबत न्या. रॅगिंगचा त्रास झाला तर 1800-180-5522 हा देशभराचा मोफत नंबर आहे, तो तिच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्या. आणि ज्यांच्या घरात ही अडचण कधी आली नाही, त्यांनी आपल्या मुलींना एवढं सांगा की खोलीत नवी मुलगी आली तर आधी जेवायला बोलवायचं, आडनाव नंतर.

आमचंही एक काम आम्ही सुरू केलंय. आपल्या शिरोळ तालुक्यातल्या कुठल्या मुली कोल्हापूर, सांगली, पुण्यात शिकतात, त्यांची एक वही आम्ही करतोय. नवी मुलगी निघाली की तिथल्या जुन्या मुलीला कळवायचं, म्हणजे स्टँडवर उतरताना कुणीतरी वाट बघत उभं असेल. तुमची मुलगी बाहेरगावी शिकत असेल तर तिला विचारून तिचं नाव आमच्याकडे द्या. यंदा जाणारी असेल तर तेही सांगा.

येतो आम्ही. नमस्कार.