वास येतोय? मग क्लोरीन कमी आहे

मे महिन्यातला रविवार सरला की सोसायटीच्या पूलवर तक्रार ठरलेली: "क्लोरीन फार टाकलंय, डोळे चुरचुरतात." डोळे चुरचुरतात हे खरं, निदान मात्र उलटं. पूल सांभाळणारा दादा वाद घालत बसत नाही, सरळ किट उघडतो.

वरवरचं पाणी तो घेत नाही. इनलेटपासून लांब जाऊन बाटली पालथी धरतो, कोपरापर्यंत हात बुडवतो आणि मग ती सुलटी करतो. 10 मिलीच्या नळीत डीपीडीची एक नंबरची गोळी चुरली की पाणी गुलाबी होतं. हा फ्री क्लोरीनचा रंग, म्हणजे जंतू मारायला अजून मोकळा असलेल्या क्लोरीनचा. चार्टशी ताडून पाहिलं: 0.8 पीपीएम. हवा साधारण 1 ते 3. त्याच नळीत तीन नंबरची गोळी पडली आणि रंग गडद झाला: 1.4. हा एकूण क्लोरीन. वजाबाकी 0.6, आणि सगळी गोम या वजाबाकीत आहे. घाम आणि लघवीशी (हो, तीही) जखडला गेलेला हा क्लोरीन. नाकात जातो तो याचाच, क्लोरामाइनचा, वास. "आधी शॉवर घ्या" ही पाटी कुणी वाचत नाही, त्याचा हा हिशेब.

ग्रामपंचायतीत नळाच्या पाण्यासाठी वापरतात त्या पिवळ्या रंगाच्या ओटी टेस्टमध्ये ही फोड होत नाही. ती एकूण आकडा दाखवते, आणि 1.4 पाहून कुणीही निर्धास्त झाला असता.

जखडलेला क्लोरीन तोडायचा तर त्याच्या साधारण दहापट क्लोरीन एकदम द्यावा लागतो. याला शॉक म्हणतात. पूल दीड लाख लिटरचा. 6 पीपीएम म्हणजे 900 ग्रॅम क्लोरीन, दहा टक्क्यांच्या हायपोचे (सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाचे) नऊ लिटर. पण आधी पीएच. तो 8 वर गेला असेल तर क्लोरीन असूनही बराचसा निकामी, म्हणून अ‍ॅसिड घालून 7.4 च्या आसपास आणायचा. दोन्ही एकत्र कधीच ओतायचं नाही, विषारी वायू सुटतो. हायपो अंधार पडल्यावर, कारण उन्हात तो भराभर उडतो. पंप रात्रभर चालू.

शॉकनंतर लगेच टेस्ट घेण्यात एक फसगत आहे. क्लोरीन फारच जास्त असला की डीपीडीचा गुलाबी रंग क्षणभर चमकून उडतो, पाणी स्वच्छ दिसतं, आणि नवखा माणूस "शून्य आहे" म्हणत आणखी ओततो.

सकाळी दोन्ही गोळ्यांचा रंग जवळपास सारखा आला, म्हणजे जखडलेला गेला. पण फ्री अजून 4 च्या वर होता, म्हणून गेटला कुलूप. सकाळच्या बॅचच्या काकू भडकल्या. दुपारच्या उन्हाने तो उतरवला आणि संध्याकाळच्या बॅचला पूल उघडला.