कागदाचा कोथळीगड आणि त्याला लागणारं पातं

कागद मऊ, पोलाद कठीण. तरीही कागद कापता कापता पोलादी पात्याची धार जाते. कागदी मॉडेल करणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव येतो. त्यामागचं कारण समजलं की दुकानात कुठला कटर मागायचा हेही आपोआप समजतं.

उदाहरणाला कोथळीगड घेऊ. कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर कशेळे लागतं. तिथून आत वळलं की आंबिवली, आणि आंबिवलीहून वर चढलं की पेठचा किल्ला, म्हणजेच कोथळीगड. पठारावर पेठ गाव, त्याच्या डोक्यावर उभा कातळी सुळका, सुळक्याच्या पायथ्याशी कोरीव खांबांची गुहा आणि त्याच्या पोटातून वर जाणाऱ्या खोदीव पायऱ्या. दिवाळीत आपण मातीचे किल्ले करतो. हा किल्ला कार्डशीटचा करायला घेतला, तर तीन तऱ्हेचं कापकाम पुढ्यात येतं: पठाराचे एकावर एक बसणारे थर, सुळक्याचा शंकू, आणि पायऱ्या-खांबांचे नखाएवढे तुकडे. या तिन्हींना एकच पातं पुरत नाही.

आधी धारेकडे बघू. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे मिलिमीटरचा चौदावा भाग. नव्या पात्याची धार १ मायक्रॉनपेक्षाही बारीक असते. आता ढोबळ हिशेब करा. पात्याची १ मिलिमीटर लांबी कागदाला टेकली आहे, धारेची जाडी १ मायक्रॉन आहे, आणि बोटाचा जोर फक्त २०० ग्रॅम वजनाइतका आहे. एवढ्याशा जागेवर येणारा दाब भरतो हवेच्या दाबाच्या सुमारे २०,००० पट! पृथ्वीवरच्या सर्वांत खोल समुद्राच्या तळाशी हा आकडा जेमतेम ११०० पट असतो. एका बोटाच्या हलक्या जोरात एवढी ताकद एकवटते, म्हणून कागदाचे तंतू निमूट तुटतात.

हाच हिशेब उलटा वाचा. धार झिजून १० मायक्रॉन झाली की दाब दहा पटींनी घटतो. मग आपण जोर वाढवतो, पातं कागदात अडकतं, कागद फाटतो, आणि कधी पातं सटकून बोटावर येतं. बोथट पातं धारदार पात्यापेक्षा जास्त धोक्याचं असतं, ते यामुळेच.

पण धार झिजते कशाने? कागद म्हणजे नुसते लाकडाचे तंतू नव्हेत. तो पांढरा आणि गुळगुळीत दिसावा म्हणून कारखान्यात त्यात खडूची आणि चिनी मातीची पूड मिसळतात. छपाईच्या कागदात तिचं प्रमाण वजनाच्या १० ते २० टक्के सहज असतं. यातला एकेक कण १-२ मायक्रॉनचा, म्हणजे धारेपेक्षा लहान नाहीच. प्रत्येक कापासरशी धार अशा असंख्य कणांवरून घासत जाते. आपण कागद कापतो असं म्हणतो, पण पात्याच्या टोकाशी खरं तर बारीक दगडमातीही कापत असतो.

धारेइतकीच महत्त्वाची पात्याची जाडी. कोयता जाड असतो, कारण त्याला लाकूड फाकवायचं असतं. कागद फाकला तर काठ फुगतो आणि तुकडा जागेवर नीट बसत नाही. बाजारातल्या मोठ्या, १८ मिमी रुंदीच्या कटरचं पातं साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतं. ९ मिमीच्या छोट्या कटरचं ०.३८ मिमी. फरक किरकोळ वाटतो, पण २०० जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम भरणारं कार्डशीट स्वतःच पाव मिलिमीटरच्या आसपास असतं. त्याच्या मानाने हा फरक फार मोठा आहे.

आता मॉडेल कापायला घेऊ. पठाराच्या लांब रेघांना ९ मिमीचा कटर आणि स्टीलची पट्टी उत्तम. दांडा थोडा झोपवून धरला की धारेची जास्त लांबी कागदात राहते आणि रेघ सरळ जाते. या कटरचा जन्मही कागदातूनच झाला. १९५६ मध्ये ओसाकाच्या एका छापखान्यात काम करणाऱ्या योशिओ ओकादा यांना टोक बोथट झाल्यावर अख्खं ब्लेड टाकून द्यायचा कंटाळा आला होता. चांभार काच फोडून तिची ताजी कड वापरतात आणि चॉकलेटच्या वड्या खाचेवर मोडतात, या दोन गोष्टी त्यांनी जोडल्या आणि खाचा पाडलेलं, तुकडा तुकडा मोडता येणारं पातं तयार झालं. आज जगभरच्या कटरच्या पात्यांवर दिसणाऱ्या तिरक्या रेघा त्यातूनच आल्या.

सुळक्याची गोष्ट निराळी. शंकूच्या तळाची त्रिज्या ४ सेंमी आणि उताराची लांबी १० सेंमी हवी असेल, तर १० सेंमी त्रिज्येच्या वर्तुळातून १४४ अंशांची पाकळी कापायची: ४ भागिले १०, गुणिले ३६०. तिचा कमानदार काठ २५ सेंमीहून थोडा जास्त भरतो. वळणावर धारेची लांबी जितकी कमी टेकेल तितकं पातं सहज वळतं. म्हणून इथे टोकदार पातं हवं, दांडा उभा हवा, आणि हात एका जागी ठेवून कागद फिरवायला हवा. ९ मिमीच्याच कटरमध्ये बसणारं ३० अंशांचं पातं यासाठी मिळतं. नेहमीच्या पात्याचं टोक ६० अंशांच्या जवळपास असतं.

पायऱ्या आणि खांबांसाठी मेडिकल दुकानात जा. ३ नंबरचा सर्जिकल दांडा आणि ११ नंबरचं ब्लेड मागा. सरळ धारेचं, सुईसारख्या टोकाचं हे पातं शस्त्रक्रियेसाठी घडवलेलं आहे. कागदातली मिलिमीटरभर खिडकीही ते स्वच्छ कापतं. टोक नाजूक असल्याने ते आडवं दाबू नका, मोडतं. ब्लेड बदलताना बोटं नकोत, पक्कड वापरा. उतरलेली पाती झाकणाच्या डबीत साठवा, म्हणजे कचरा उचलणाऱ्याच्या हाताला इजा होणार नाही. मुलं कापत असतील तर शेजारी मोठं माणूस हवंच.

कर्जत-कशेळ्याच्या पावसाळ्यात आणखी एक गंमत दिसते. दमट हवेत कागदाचे तंतू पाणी पिऊन जाडीला फुगतात, लांबीला जवळजवळ नाहीत. कारखान्याच्या कागदात बहुतेक तंतू एकाच दिशेला झोपलेले असतात, म्हणून कागद एका दिशेने वाढतो, दुसरीकडे जवळजवळ तेवढाच राहतो, आणि मोजून कापलेला शंकू जुळेनासा होतो. सादळलेले तंतू धारेखाली कापले जाण्याऐवजी ओढलेही जातात. त्यामुळे कार्डशीट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि सगळे भाग एकाच कोरड्या दिवशी कापा. कार्बन स्टीलची पाती याच हवेत गंजतात. त्यांना तेलाचा हलका हात पुरे.

तेव्हा भारी दांड्यावर पैसे घालवू नका, ते पात्यांवर खर्च करा. खाली कटिंग मॅट घ्या. काचेवर कापलं तर धार लगेच मरते. आणि काठावर पहिला तंतू उभा राहिलेला दिसला की पुढची खाच मोडा. पोलादाचा तो तुकडा स्वस्त आहे; तासभर खपून कापलेली गुहा त्याहून कितीतरी महाग आहे.