वर्दी उतरली, तरी पहारा सुरूच

लष्करातला जवान बहुधा चाळिशीच्या आसपासच निवृत्त होतो. गावी आल्यावर पेन्शन, शेती, नवी नोकरी यांची चौकशी सगळेच करतात. ‘झोप नीट लागते का?’ हे मात्र क्वचितच कोणी विचारतो.

वर्षानुवर्षे सावध राहिलेला मेंदू घरी येताच निर्धास्त होत नाही. धोका ओळखणारा त्यातला अमिग्डला हा भाग काहींच्या बाबतीत जागाच राहतो. मग फटाका वाजला तरी छाती धडधडते, रात्री दचकून जाग येते, क्षुल्लक कारणावरून संताप होतो. एखाद्या भीषण प्रसंगानंतर असा त्रास महिन्याहून अधिक टिकला, तर तो आघातोत्तर तणाव विकार असू शकतो. हा भित्रेपणा नव्हे, आजार आहे आणि समुपदेशन व औषधांनी तो आटोक्यात येतो. दारूने डोळा लागतो, पण झोप मोडते आणि त्रास वाढतो.

नंदुरबार जिल्ह्यात अडचण अंतराचीही आहे. धडगाव, अक्कलकुव्यातील डोंगरपाड्यांहून मानसोपचारतज्ज्ञ गाठणे सोपे नाही. तिथे ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक कामी येतो. २०२२ पासूनची ही सेवा मोफत, चोवीस तास आणि मराठीतही मिळते. प्रत्यक्ष उपचारांसाठी २००३ पासून माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना (ईसीएचएस) आहे. पेन्शनधारक सदस्याबरोबर त्याच्या आश्रितांनाही तिचा लाभ मिळतो. योजनांची माहिती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावी.

घरच्यांनी ‘विसरून जा’ म्हणू नये. त्याला बोलू द्यावे, आणि पहिला फोन लावताना शेजारी बसावे.