तब्येत जास्त आहे, निघून या

मृत्यूची बातमी सरळ सांगायची नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. तिचा सर्वांत प्रसिद्ध दाखला पानिपतचा. जानेवारी 1761 मध्ये नानासाहेब पेशव्यांना त्या संहाराची खबर लागली ती एका सावकारी पत्रातून, आणि तीही नाण्यांच्या भाषेत. विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ त्यात मोती झाले होते, मोठे सरदार मोहरा, आणि साधे शिपाई मोजदादीपलीकडचा खुर्दा. शाळेत आपण हे सांकेतिक पत्र म्हणून शिकतो. मला त्यात लिहिणाऱ्याचा अडखळलेला हात दिसतो. (त्या खुर्द्याच्या घरोघरी निरोप कसा पोचला असेल, हा प्रश्न मात्र मला सुटत नाही.)

पुढे पोस्टकार्ड आले, तेव्हा त्याचा कोपरा फाडण्याची चाल पडली. कार्ड हातात पडताच, अक्षर वाचण्याआधीच, माणूस समजून जाई. ते उंबऱ्याबाहेर वाचायचे आणि फाडून टाकायचे. घरात ठेवायचे नाही. बातमी दोन टप्प्यांत येई: आधी कोपरा, मग नाव. मधल्या दोन-चार क्षणांत माणूस भिंतीला हात टेकून घेई.

निगडीत या मधल्या वेळेला फार महत्त्व आले. पिंपरीत 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, मागोमाग टेल्को, बजाज आणि शेकडो लहान कारखाने. 1972 मध्ये प्राधिकरण स्थापन झाले. यमुनानगर, ओटास्कीम अशा वस्त्यांतून सातारा, सोलापूर, नगर, मराठवाडा, खानदेश इथली माणसे शेजारी-शेजारी राहू लागली. मुलगा इथे, आईवडील गावाकडे. त्यामुळे मरण तिकडे आणि बातमी इकडे, हे इथल्या पहिल्या पिढीचे ठरलेलेच होते.

निरोपही ठरलेला असे. तार असो की कंपनीच्या टाइम ऑफिसात आलेला फोन, शब्द तेच: तब्येत जास्त आहे, निघून या. त्याचा अर्थ सगळ्यांना कळे, ज्याला निघायचे त्यालाही. पण कोणी तो उच्चारत नसे, आणि त्या न उच्चारण्यात मित्राला काम मिळे.

माझे वडील गेले तेव्हा मी फर्स्ट शिफ्टला होतो. निरोप सांगायला आलेला शेजारच्या मशीनवरचा मित्र म्हणाला, ‘‘चल, मीपण येतो. माझं साताऱ्याला काम आहे.’’ त्याचे साताऱ्यात कोणीही नव्हते. एसटीत तो अखंड बोलत होता: ओव्हरटाइम, रखडलेला वेतनकरार, बहिणीसाठी पाहिलेले स्थळ. मी हो-हो करत होतो. गावाचा फाटा आल्यावर गप्प झाला आणि एवढेच म्हणाला, ‘‘सावकाश उतर.’’ मला बातमी त्या दोन शब्दांत मिळाली.

तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली, पण हा मधला वेळ त्याआधीच मोबाइलने संपवला होता. आता ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलेला फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर पडतो आणि मुलगा तो शिफ्टच्या बसमध्ये, अनोळखी खांद्यांना खेटून उभा असताना पाहतो. यात फायदाही आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पूर्वी कित्येकांना अंत्यदर्शन मिळत नसे, आता मिळते. तरी बातमी आणि माणूस यांच्यामध्ये कोणीतरी उभे असायचे, ती जागा रिकामी झाली आहे.

मित्राचे काम मग पुढे सरकले, भेटायला जाण्याकडे. गावाकडे भेटायला येणाऱ्याला गेलेला माणूस पुरता ठाऊक असतो. त्याची जमीन, भांडणे, उधारीसकट. निगडीत येणाऱ्याने त्याला एकदा-दोनदा पाहिलेले असते, तेही मुलाकडे राहायला आला तेव्हा. म्हणून इथे पहिला प्रश्न असतो, ‘‘काय झालं होतं?’’ काहींना तो उद्धट वाटतो. मला तो या भेटीतला सर्वांत उपयोगी प्रश्न वाटतो. सांगणारा तीच हकिकत दहा जणांना दहा वेळा सांगतो. पहिल्यांदा तुटक, मागे-पुढे, आणि हळूहळू तिला क्रम येतो. ऐकणारा आपल्याकडची एकुलती आठवण देतो: त्यांनी दिलेली शेंगदाण्याची चटणी, जिन्यात बसून सोललेला लसूण. गावात जी माणसाची शेवटची ओळखही ठरली नसती, ती इथे पहिली असते.

मग बोलणे वळते. पाणी एक दिवसाआड येते, अमक्याने व्हीआरएस घेतली, तमक्याची मुलगी पास झाली. त्या अर्ध्या तासात घरातला माणूसही एखादा प्रश्न विचारून बसतो, ‘‘किती टक्के पडले?’’ उठताना कोणी ‘‘येतो’’ म्हणत नाही, घरचेही ‘‘या’’ म्हणत नाहीत. अशा कारणाने पुन्हा येणे नको. चपला पायात सरकवून माणसे नुसती निघतात.

त्या वर्षी दिवाळीला घरात कढई चढत नाही, आकाशकंदील लागत नाही. वडील गेले त्या वर्षी आमच्याकडे फराळ आला तो ओळीतल्या सहा घरांतून. लातूरकडच्यांची चकली तिखट होती, खानदेशातल्यांची शेव लसणाची, आणि साताऱ्याला काम असलेल्या मित्राच्या बायकोने करंज्या पाठवल्या होत्या, वर्तमानपत्रात गुंडाळून, डबा परत करायला लागू नये म्हणून.